बोका रात्री घरीच असतो?

प्रश्न : आमचा बोका पप्पू दिवसा बाहेर हुंदडतो, रात्री मात्र घरीच असतो. गेल्या महिन्यात शेजारच्या काकांच्या क्रोटनमधलं बुलबुलाचं घरटं कुणीतरी उद्ध्वस्त केलं आणि आळ पप्पूवर आला. ‘पुन्हा दिसला तर पोत्यात घालून मार्केट यार्डात सोडून येईन,’ म्हणतात काका. कॅनबेराला असलेली माझी भाची सांगते, तिकडे मांजर घरातच ठेवायचा कायदा आहे. सासूबाईंच्या मते मुक्या जिवाला कोंडणं पाप. आता सोसायटीतली मुलं पप्पूच्या गळ्यात यंत्र बांधून तो कुठे जातो ते शोधू म्हणतायत. बांधू द्यावं का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : जरूर बांधू द्या. भांडण वाढण्याआधी निदान माहिती तरी हाताशी येईल.

‘रात्री मात्र घरीच असतो’ हे तुम्ही अगदी छातीठोकपणे लिहिलंय. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या मांजरवाल्यांनाही असंच वाटायचं. तिथल्या विद्यापीठाने लोकांच्याच मदतीने चारशेहून जास्त पाळीव मांजरांच्या गळ्यात जीपीएस बांधलं. आमचं मांजर रात्री आतच असतं, असं ज्या १७७ मांजरांबद्दल मालक सांगत होते, त्यांतली ६९ रात्री बाहेर भटकत होती. स्वयंपाकघराची खिडकी किलकिली ठेवता का, तेवढं बघा.

अशाच प्रकल्पांतून सहा देशांतल्या ९२५ मांजरांची नोंद जमली आणि २०२० साली तिचे निष्कर्ष छापून आले. बहुतेक मांजरं घरापासून शंभर मीटरच्या आतच फिरत होती. हे ऐकून हुश्श करू नका. फिरणं एवढ्याशा जागेत, म्हणजे शिकारही तेवढ्याच जागेत. तुमचं अंगण, काकांचं अंगण आणि मधलं कुंपण. तिथले सरडे, सापसुरळ्या, शिंपी, दयाळ यांच्या वाट्याला मांजराएवढ्याच रानटी शिकारी प्राण्याकडून आला असता त्यापेक्षा कितीतरी पट जास्त मार येतो. घरी पोटभर मिळत असल्यामुळे मांजरं दाटीने राहू शकतात, रानात ते शक्य नसतं.

‘पण तो घरी काही आणत नाही हो,’ हे वाक्य दवाखान्यात मला रोज ऐकू येतं. अमेरिकेत जॉर्जियातल्या अथेन्स गावी ५५ मांजरांच्या गळ्यात छोटे कॅमेरे लावले होते. शिकारीपैकी जेमतेम चौथा हिस्सा घरी आला, जवळपास निम्मी शिकार मारली तिथेच टाकून दिलेली. पायपुसण्यावर ठेवलेली पाल हा झाला चौथा हिस्सा, बाकीचा हिशेब तुम्हाला दिसतच नाही.

आता यंत्राबद्दल. मुलं बाजारातून चकतीसारखा टॅग आणतील, तो चालणार नाही. तो स्वतः उपग्रहाशी बोलत नाही, आसपासच्या लोकांच्या फोनवर विसंबून असतो. रात्री तीनला बोळात कुणाचा फोन असणार? खरं जीपीएसच घ्या, हलक्यातलं हलकं. पट्टा मात्र ताण पडला की आपोआप सुटणारा हवा. साध्या पट्ट्याने फांदीला लटकलेली मांजरं मी पाहिली आहेत. आधी एक दिवस यंत्र घरातच टेबलावर ठेवून बघा. भिंतींमुळे ते टेबलही रस्त्यापलीकडे गेल्याचं दाखवेल! तेवढी चूक गृहीत धरा, नाहीतर एका ठिपक्यावरून काकांच्या बेडरूममध्ये शिरल्याचा गुन्हा पप्पूवर दाखल व्हायचा.

आणि घरटं पप्पूनेच मोडलं हे ठरवलं कुणी? कावळा आहे, धामण आहे. ज्याचं दर्शन आपण शुभ मानतो तो भारद्वाजसुद्धा दुसऱ्यांच्या घरट्यातली अंडी-पिल्लं खातो. मुलांना एक वही द्या : कोणता पक्षी, कुठे घरटं, पिल्लं कधी उडाली, जवळ कोण दिसलं. वही सांभाळायला काकांनाच बसवा. ते तसेही दिवसभर गॅलरीतून पहारा करतातच. जाता जाता हेही कानावर घाला की, उपाशी मरेल अशा ठिकाणी जनावर सोडून येणं हा प्राण्यांवरील क्रूरतेविरुद्धच्या १९६०च्या कायद्याखाली गुन्हा आहे.

भाचीचं म्हणणं खरं आहे. कॅनबेरात १ जुलै २०२२ किंवा त्यानंतर जन्मलेलं प्रत्येक मांजर मालकाच्या आवारातच ठेवावं लागतं, बाहेर न्यायचं तर दोरीने. माझ्या मते आपल्याला इतकं लांब जायची गरज नाही, पण रात्री आत ठेवणं हे पाप नव्हे. सासूबाईंना सांगा, कुत्र्यांपासून आणि गाड्यांपासून पप्पूही वाचतो. उन्हाळ्यात पिल्लं घरट्याबाहेर पडून धड उडता न येता झुडपात बसतात, ते थोडे दिवस दिवसासुद्धा आत. गॅलरीला कबुतरांची जाळी असेलच, तिचाच पिंजरा होतो.

शिकार कमी करायची असेल तर इंग्लंडच्या एक्सेटर विद्यापीठाचा २०२१ चा प्रयोग उपयोगी पडेल, तोही लोकांच्या घरीच झालेला. भरपूर मांस असलेलं, धान्याविना खाणं दिल्यावर घरी आणलेली शिकार ३६ टक्क्यांनी घटली. रोज पाच-दहा मिनिटं दोरीला पीस बांधून खेळवल्यावर २५ टक्क्यांनी. गळ्यातल्या घंटीने म्हणावा असा फरक पडलाच नाही, म्हणजे ती कुणी बांधायची हा जुना वाद मिटला. पप्पूला दूध-पोळीच घालत असाल तर सुरुवात ताटलीपासून करा.

पप्पूची नसबंदी झाली आहे की नाही, हे मात्र तुम्ही लिहिलेलं नाही. झाली नसेल तर यंत्र विकत घ्यायच्या आधी ती उरका. माजावर आलेल्या मांजरीच्या मागे लागलेला बोका कुठल्या कुठे जातो, आणि जखमा चाटत परततो. रेबीजची लस त्याच खेपेला द्या.