'सेट' या एवढ्याशा शब्दाला इतके अर्थ का?

तुम्ही विचारलंय की शब्दकोशात 'सेट'ला पानंच्या पानं का लागतात, आणि हे सगळे अर्थ पाठ कसे करायचे. पाठ करायच्या फंदात पडूच नका. १९८९ च्या ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीत या एका क्रियापदाचे ४३० अर्थ मोजले गेले होते. (पुढे 'रन'ने ६४५ पर्यंत मजल मारून त्याला मागे टाकलं.)

मी भाषांतरं करतो. या शब्दाने बराच छळ केल्यावर एक गोष्ट लक्षात आली: 'सेट' हे मुळात 'सिट'चं प्रयोजक रूप. आपलं बसणे-बसवणे आहे ना, तसंच ते. हे एकदा डोक्यात बसलं (बघा, इथेही तेच!) की निम्मा गुंता सुटतो. डॉक्टर हाड सेट करतात, आपण बसवतो. अंगठीत खडा बसवतात तेही सेटच. सूर्य सेट होतो म्हणजे क्षितिजाखाली जाऊन बसतो, असं समजायला हरकत नाही.

मग कपांचा सेट, टेनिसचा सेट, गणितातला सेट हे कुठून आले? ते वेगळ्याच घरचे. लॅटिनमधल्या 'सेक्टा'पासून जुन्या फ्रेंचमार्गे आलेला हा शब्द. पंथ या अर्थाचा 'सेक्ट' त्याचा सख्खा भाऊ. आपण याला सरळ 'संच' म्हणतो, अगदी दूरचित्रवाणी संचासकट. म्हणजे दोन शब्द एकाच रूपात येऊन मिसळलेत, आणि आता त्यांची सरमिसळही झाली आहे. नाटक-सिनेमाचा सेट मात्र नाम असूनही 'बसवणे'वाल्यांचा.

पण या किल्लीने प्रत्येक कुलूप उघडत नाही. एका गोंदाच्या बाटलीवरच्या सूचनेत 'सेट होऊ द्या' असं इंग्रजीत होतं. मी मोठ्या आत्मविश्वासाने लिहिलं, 'चिकटवल्यावर २४ तास बसू द्या.' तपासणाऱ्या सहकाऱ्याने समासात फक्त एवढंच विचारलं होतं: 'कोणाला?' तिथे 'घट्ट होऊ द्या' हवं होतं.

खरा धोका मागे चिकटणाऱ्या शब्दांचा. 'सेट ऑफ' म्हणजे प्रवासाला निघणं, आणि स्फोट घडवणंही. 'सेट असाइड' म्हणजे एरवी बाजूला काढून ठेवणं, पण न्यायालयाने आदेश 'सेट असाइड' केला तर तो रद्द झाला. तिथे 'बाजूला ठेवला' लिहिलंत तर वाचणाऱ्याला वाटेल, निकाल अजून यायचाय. असे प्रयोग मी सुटे शिकत नाही, अख्खं वाक्य वहीत उतरवून ठेवतो.

आणि इंग्रजीवर फार चिडू नका. मराठी शिकणाऱ्या एखाद्याला 'लागणे' समजावून सांगून बघा. भूक लागते, ठेच लागते, दार लागतं, निकाल लागतो, नोकरी लागते, ती माझी मावशी लागते. मी एकदा प्रयत्न केला होता. तासभर लागला.