नमुना घेतल्याशिवाय पुरू नका

तीन दिवसांत अकरा गावरान कोंबड्या दगावल्या, उरलेल्यांचे तुरे काळवंडले, लिंबाखाली एक कावळाही मरून पडला, तर ही मानमोडी, म्हणजे कोंबड्यांचा रानीखेत रोग, असेल का, असे आपण विचारले आहे. मीही जानेवारी २०२१ मध्ये हेच विचारत होतो. परभणीच्या मुरुंब्यात बर्ड फ्लूने सुमारे ८०० कोंबड्या मेल्याची बातमी आलेली असूनही ते संकट दुसऱ्यांच्या गावचे आहे, असेच मी धरून चाललो होतो.

मी पशुवैद्य नाही, हे आधीच सांगतो. परंतु नुसत्या लक्षणांवरून मानमोडी आणि बर्ड फ्लू वेगळे ओळखता येतात, असे छातीठोकपणे सांगणाऱ्यावर माझा विश्वास नाही. हिरवट हगवण, घरघर, मुरगळलेली मान, पातळ कवचाची अंडी हे दोन्हींत दिसते. माझ्याकडे तुरा आणि चोचीखाली लोंबणारे मांस पिकल्या जांभळासारखे झाले होते, पापण्या सुजल्या होत्या आणि पायांच्या पिसे नसलेल्या भागावर, खवल्यांखाली, लालभडक ठिपके उमटले होते. ही चिन्हे बर्ड फ्लूचा संशय वाढवतात, पण सिद्ध काहीच करत नाहीत. उलट, काही कोंबड्या कोणतेही लक्षण न दाखवता सकाळी खुराड्यात मेलेल्या सापडतात आणि बदके तर विषाणू बाळगूनही धडधाकट दिसू शकतात.

माझी खरी चूक पुढची. एका सरकारी कार्यालयात फोन केला, तेव्हा ‘थंडीची मरतूक असेल, पुरून टाका’ असे उत्तर मिळाले आणि मी तत्परतेने खड्डा खणून, चुना टाकून सगळ्या पुरल्या. तीन दिवसांनी त्याच कार्यालयाने नमुना मागितला! नमुना नाही म्हणून निदान नाही. आणि भरपाई शासनाने नष्ट केलेल्या पक्ष्यांची असते, आधीच मेलेल्यांची नव्हे, हेही तेव्हाच ऐकवले गेले. माझ्या कोंबड्यांना काय झाले होते, हे आजही कागदावर नाही.

म्हणून, माझ्या मते, तोंडी उत्तरावर थांबू नका. २००९ च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांच्या कायद्यानुसार अशा मरतुकीची माहिती देणे पशुपालकाचे कर्तव्यच आहे. ती लेखी द्या आणि पोच घ्या. घशातील व विष्ठामार्गातील स्रावाचे नमुने त्यांनाच घेऊ द्या; बर्ड फ्लूचे अंतिम निदान भोपाळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत होते. तोवर उरलेल्या कोंबड्या बाजारात नेऊ नका आणि आजारी पक्ष्यांना घाईने लस टोचू नका, कारण एकच सुई सर्वांना वापरली तर रोग तुमच्याच हाताने पसरतो.

कावळ्याला कमी लेखू नका. जानेवारी २०२५ मध्ये उदगीरला कावळेच मरून पडले होते आणि त्यांच्यात हाच विषाणू सापडला. अर्थात विषबाधेनेही कावळे मरतात. तपासणारे येईपर्यंत मेलेल्या कावळ्यावर जुने घमेले पालथे घालून वर दगड ठेवा, नाहीतर रात्रीतून कुत्री ओढून नेतील.