गाय सारखी उलटत असेल तर मकाही तपासा

भाऊ, तीनदा भरवूनही गाय गाभण राहिली नाही, म्हणजे उलटत राहिली, म्हणून लगेच विकायला काढू नका. डॉक्टरांकडून गर्भाशय तपासून घ्याच, पण मक्याचं पोतं आणि मुरघासाची (हवाबंद मुरवलेल्या हिरव्या चाऱ्याची) बॅगही उघडून बघा.

मक्यावर फ्युझेरियम बुरशी येते. तिचं झेरालेनोन हे विष शरीरात इस्ट्रोजेन या मादी संप्रेरकासारखं वागतं, त्यामुळे माजाचं चक्र बिघडतं, कालवडींची कास अवेळी वाढू शकते. गाईच्या पोटात त्यातल्या काही भागाचं अल्फा-झेरालेनॉल होतं आणि ते मूळ विषापेक्षाही तीव्र असतं. याचा सर्वांत जास्त त्रास डुकरांना होतो. त्यांच्या बीजांडांवर प्रयोगशाळेत दिसलंय की बीजांड पक्व होताना गुणसूत्रं वाटणारी तर्कूची रचनाच विस्कटते. असं बीजांड फळलं तरी गर्भ टिकणं अवघड. बाहेरून जनावर धडधाकट दिसतं, हाच खरा घात आहे.

मका 13 टक्के ओलाव्यापर्यंत वाळवूनच साठवा. मुरघासाचा बुरशीचा थर चांगल्यात मिसळून खपवू नका. भरडा शिजवूनही हे विष जात नाही. दुकानदार विषबंधक पावडर देईल, पण त्यात असते ती बेंटोनाइट माती अफलाटॉक्सिन हे दुसरं बुरशीचं विष चांगलं धरते, झेरालेनोन तेवढं नाही. शंका असेल तर नमुना तपासायला द्या, पोत्याच्या वरचा नव्हे, चार-पाच ठिकाणांहून घेतलेला.

आणि खाद्य बदलल्यावर पुढच्याच माजाला निकाल मागू नका. बीजांड अंडाशयात काही महिने वाढत असतं, तेवढा वेळ गाईला द्या.