सीनानं टॅप केलं, ते चुकलं का?

या वेळच्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकन कुस्तीच्या कंपनीची आणि तिचा पैलवान जॉन सीनाच्या शेवटच्या मॅचची आहेत. मी ठाण्यात ज्युदो शिकवते आणि ही कुस्ती शाळेत असल्यापासून बघते, त्यामुळे सगळी पत्रं मन लावून वाचली. जागा पुरेल तेवढी उत्तरं देते.

ताई, १३ डिसेंबरला वॉशिंग्टनमध्ये सीनाची शेवटची मॅच झाली आणि गुंथरनं गळा आवळल्यावर त्यानं टॅप केलं. जन्मभर ‘नेव्हर गिव्ह अप’ म्हणणाऱ्या माणसाला कंपनीनं शेवटच्या दिवशी हार मानायला लावली. आमच्या ग्रुपमधल्या काही जणांनी तर रॉ हा दर आठवड्याचा शो बघणंच सोडलंय. तुम्हाला पटलं का हे?
– एक वाचक, कळवा

हो, पटलं. हरणं पटलं आणि टॅप करणंही पटलं. तरीही तुमच्या ग्रुपचा राग मला खोटा वाटत नाही. तो कुठून आला ते सांगते.

आधी हरण्याचं. जाणाऱ्यानं जाताना राहणाऱ्याला जिंकवून जायचं, ही या धंद्यातली जुनी रीत आहे. २००८च्या रेसलमेनियात, म्हणजे कंपनीच्या वर्षातल्या सगळ्यात मोठ्या शोमध्ये, रिक फ्लेअर शॉन मायकल्सकडून हरला. दोनच वर्षांनी मायकल्स अंडरटेकरकडून हरून निवृत्त झाला. त्या दोन्ही मॅच आजही लोक पुन्हा पुन्हा बघतात, आणि हरलेल्याचं नाव त्यामुळे लहान झालं असं कोणी म्हणत नाही. सीना सतरा वेळा वर्ल्ड चॅम्पियन झाला. ही एक मॅच जिंकून त्याच्यात काय भर पडली असती? गुंथरला मात्र आता पुढची कितीतरी वर्षं पुरेल एवढं मिळालं.

आता टॅपचं. गुंथरनं लावला तो स्लीपर. मागून एक हात गळ्याभोवती, दुसऱ्या हाताची पकड, आणि छाती पाठीला घट्ट चिकटलेली. ज्युदोत याला हादाका जिमे म्हणतात. तो नीट बसला की काही सेकंदांत शुद्ध जाते, ताकद कितीही असो. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या मुलाला गळ्याची पकड शिकवायच्या आधी मी थाप, म्हणजेच टॅप, शिकवते: समोरच्याच्या अंगावर दोनदा, त्याला नक्की कळेल अशी. जो मुलगा हट्टानं थाप देत नाही त्याला मी पुढची पकड शिकवतच नाही. सीना त्या पकडीत आधी झगडला, सुटला, पुन्हा अडकला, आणि शेवटी चेहऱ्यावर हसू आणून त्यानं थाप दिली. दोन दशकांत पहिल्यांदाच. त्या हसण्यात मला ‘आता पुरे’ म्हणणारा समाधानी माणूस दिसला. नंतर त्यानं बूट आणि मनगटाचे पट्टे रिंगमध्ये काढून ठेवले, सॅल्यूट केला आणि गेला. आपल्याकडे तेव्हा रविवारची सकाळ होती. माझ्या चहावर साय धरली तरी मी जागची हलले नव्हते.

मग लोक एवढे का भडकले? डब्ल्यूडब्ल्यूईतल्या गोष्टी ठरवणारा, एकेकाळचा पैलवान ट्रिपल एच बाहेर आला तेव्हा अख्ख्या हॉलनं त्याची हुर्यो उडवली. माझ्या मते तो राग एका मॅचचा नव्हता, वर्षभराचा साचलेला होता. १ मार्चला टोरांटोत सीनानं कोडी रोड्सला मिठी मारली आणि मिठीतच दगा दिला. वीस वर्षं पोराटोरांचा हिरो असलेला माणूस खलनायक झाला! याहून मोठी गोष्ट या कंपनीच्या हातात कित्येक वर्षांत आली नव्हती. ती घडवून आणणारा रॉक, म्हणजे ड्वेन जॉन्सन, रेसलमेनियाला आलाच नाही. सीना असा का वागला याचं पोटात उतरेल असं उत्तर मिळालं नाही. आणि ऑगस्ट उजाडताच, काहीच घडलं नसल्यासारखा तो पुन्हा चांगला झाला. गोष्ट अर्धी टाकली की प्रेक्षकाचा विश्वास उडतो. तो विश्वास असता, तर त्याच हॉलनं त्या थापेला उभं राहून टाळ्या दिल्या असत्या. चूक शेवटात नव्हती, मधल्या पाच महिन्यांत होती. आणि ती कंपनीची होती, सीनाची नाही. रॉ सोडलेल्या मित्रांना माझ्यातर्फे एवढंच विचारा: मार्चमध्ये तुम्ही किती खूश होता? तेव्हा दिलेला शब्द मोडला म्हणूनच आता दुखतंय ना?

सगळं आधीच ठरलेलं असतं हे सगळ्यांना माहीत आहे. तुमच्यासारख्या खऱ्या खेळातल्या बाईनं या नाटकाला मान द्यावा याचं आश्चर्य वाटतं.
– एक निवृत्त शिक्षक, नौपाडा

सर, निकाल ठरलेला असतो. १९८९ साली न्यू जर्सीच्या विधिमंडळापुढे कंपनीनं स्वतःच हे करमणूक म्हणून मांडलं होतं. पण पडणं ठरवून सोपं होत नाही. वीस फूट बाय वीस फुटांची ती रिंग म्हणजे पोलादी तुळयांवर लाकडी फळ्या, त्यांवर फोमचा पातळ थर आणि वर ताणलेलं कॅनव्हास. त्यावर पाठीवर पडायचं तर हनुवटी छातीला लावायची, श्वास सोडायचा, पाठीचा वरचा भाग आणि दोन्ही हात एकाच वेळी टेकवायचे. डोकं मागे टेकलं की संपलं. आमच्याकडे हेच पडणं जाड मॅटवर महिनोन्‌महिने घटवून घेतात, तरी पोरं रडतात. हे लोक वर्षानुवर्षं, आठवड्यातून अनेकदा असे पडतात.

मे २००१मध्ये ट्रिपल एचच्या मांडीचा स्नायू भर मॅचमध्ये फाटला. त्या पायावर त्यानं मॅच पूर्ण केली आणि नंतर कित्येक महिने बाहेर बसला. गुडघ्याच्या दुखापती मी रोज बघते, मला ते दृश्य आजही बघवत नाही. तमाशातल्या सोंगाड्याला पुढचं वाक्य माहीत असतं म्हणून आपण त्याची मेहनत खोटी म्हणत नाही. इथेही मी तोच न्याय लावते.

माझी दोन मुलं, नऊ आणि बारा वर्षांची, सोफ्यावरून एकमेकांना आरकेओ आणि चोकस्लॅम मारतात. टीव्ही बंद करू का?
– एक आई, ऐरोली

टीव्ही नका बंद करू. मान जपायचा नियम मात्र आजच लावा, आणि त्यात सूट देऊ नका. ज्या डावात डोकं खाली जातं किंवा मानेला हात लागतो, तो डाव घरात नाही. मुलांना स्टीव्ह ऑस्टिनची गोष्ट सांगा. १९९७च्या समरस्लॅम या शोमध्ये पाइलड्रायव्हर, म्हणजे समोरच्याला उलटं धरून आपटायचा डाव, मारताना ओवेन हार्टच्या हातून अंदाज चुकला आणि ऑस्टिन मानेवर आपटला. काही क्षण त्याला हातपाय हलवता येईनात. दोघं रोज हेच काम करणारे, कसलेले. पुढे कंपनीनं तो डाव जवळपास बंदच केला. माझ्या अनुभवात मुलांना ‘करू नको’पेक्षा ही गोष्ट जास्त लागते.

आणि अंगात एवढी रग असेल तर दोघांना जवळच्या ज्युदोच्या वर्गाला किंवा तालमीत घाला. पहिले काही आठवडे नुसतं पडायलाच शिकवतील. कंटाळतील, पण सोफा वाचेल आणि मानाही.

डब्ल्यूडब्ल्यूई की एईडब्ल्यू?
– दोन भाऊ, घणसोली

मॅच बघायच्या तर एईडब्ल्यू ही प्रतिस्पर्धी कंपनी, गोष्ट बघायची तर डब्ल्यूडब्ल्यूई, असं सध्या माझं मत आहे. पण एईडब्ल्यू २०१९मध्ये सुरू झाली याचा खरा फायदा पैलवानांना झाला. एकच मालक असला की पगार, सुट्टी, दुखापत, सगळं त्याच्या मर्जीवर. दुसरं दार उघडं असलं की पहिल्या दारातही नीट बोलतात.

भारतीय पैलवानांना हे लोक कधी नीट वागवणार? आणि नेरूळच्या डी. वाय. पाटीलवर शो कधी?
– एक वाचक, सानपाडा

दुसऱ्या प्रश्नाची मीही वाट बघते. २०१७मध्ये दिल्ली, २०२३मध्ये हैदराबाद, दोन्ही वेळा हॉल दणाणून गेले. नेरूळला कोल्डप्ले चालतं तर ही कुस्ती का नाही चालणार?

पहिला प्रश्न मला जास्त टोचतो. २००६मध्ये खलीनं अंडरटेकरला सरळ हरवलं, २००७मध्ये तो वर्ल्ड चॅम्पियन झाला. मग त्याच माणसाला नाचायला आणि प्रेक्षकांतल्या बायकांचे मुके घ्यायला लावलं. भारतीय वंशाच्या जिंदर महलनं मे २०१७मध्ये रँडी ऑर्टनला हरवून बेल्ट घेतला, पण त्याला बोलायला दिलं ते एकच: तुम्ही मला परका समजता. कॅनडातल्या कॅलगरीत जन्मलेल्या माणसाला! आपला पैलवान एकतर राक्षस, नाहीतर पगडीवाला परदेशी, ही त्यांची सवय आहे. चाहत्यांनी यावर बोललंच पाहिजे, मोठ्यानं आणि सारखं. आपल्याकडेही जमतं हे त्यांना ठाऊक आहे. ‘रिंग का किंग’ हा कुस्तीचा शो पुण्यात बालेवाडीला चित्रित झाला आणि २०१२मध्ये कलर्सवर दाखवला गेला. त्यात आपली पोरं पैलवान म्हणूनच उभी होती. एकाच पर्वात तो बंद पडला, याची हळहळ मला अजून आहे.

मी कधीच बघितलेलं नाही. मुलीबरोबर बसून बघायला एकच मॅच सांगा.
– एक वाचक, कोपरी

२२ ऑगस्ट २०१५, ब्रुकलिन, बेली विरुद्ध साशा बँक्स. आधीची गोष्ट माहीत नसली तरी चालेल. साशा बेलीच्या दुखऱ्या हातावर उभी राहते तिथे मुलीकडे बघा, ती सोफ्याच्या कडेला आलेली असेल. गुंथर आवडला तर मग कार्डिफची, २०२२ची शेमसबरोबरची मॅच. तिच्यात नुसते छातीवरचे फटके ऐकू येतात, पण ती मुलगी जरा मोठी झाल्यावर.