खडकापासून खडकापर्यंत

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. समुद्रातील जुन्या वायुविहिरी कायमच्या बंद करण्यासाठी सर्वांत स्वस्त तंत्र कोणते, या प्रश्नात तू अडकला आहेस. अरे, तंत्र नंतर! आधी वायूला अडवणारा अडथळा कुठवर पोहोचायला हवा ते ठरव. तो खडकापासून खडकापर्यंत, विहिरीच्या संपूर्ण छेदात, आणि वायूला रोखून धरणाऱ्या अभेद्य थरासमोरच हवा. वर्षानुवर्षे दाब आणि तापमान बदलत राहिल्याने केसिंग, म्हणजे विहिरीला आतून बसवलेला पोलादी पाइप, फुगते-आकसते, त्याच्या आणि खडकाच्या मधल्या सिमेंटची पकड सुटते आणि वायूला वर यायला बारीकशी फटही पुरते. अशा विहिरीत केसिंगच्या आत कितीही लांब प्लग, म्हणजे बूच, घातला, तरी बाहेरची वाट उघडीच राहते.

खर्चाचा मोठा वाटा रिगच्या, म्हणजे विहिरीवर आणायच्या अवजड खोदयंत्राच्या, दिवसांचा असतो, म्हणून काटकसर तिथे करावी. वायरलाइन (अवजारे खाली सोडायची तार) आणि कॉइल्ड ट्यूबिंगने (रिळावर गुंडाळलेल्या पोलादी नळीने) होणारी कामे रिग येण्यापूर्वीच उरकून घ्यावीत, आणि प्लॅटफॉर्मवरच्या सर्व विहिरींवर एकच टप्पा ओळीने पार पाडावा, म्हणजे माणसांचा हात बसतो.

आता बाँड लॉगविषयी, म्हणजे केसिंगमागचे सिमेंट नीट चिकटले आहे का हे उपकरण आत उतरवून तपासण्याविषयी. तो घेण्याचा हट्ट मी कधीच सोडला नाही आणि त्यापायी खर्चीक, अडेल अशी विशेषणे ऐकली. परंतु मागचे सिमेंट शाबूत असल्याचे लॉगने दाखवले, तर केवळ आतला प्लग पुरतो आणि कितीतरी दिवस वाचतात, हे बोलणाऱ्यांनी कधी मोजले नाही. नॉर्वेच्या नॉर्सोक डी-०१० या मानकातही लॉगने पडताळलेले बाहेरचे सिमेंट ३० मीटर चालते. लॉगऐवजी सिमेंटिंगच्या नोंदी-हिशेबांवरून पडताळलेले ५० मीटर लागते.

सिमेंट खराब निघाले, तर आमच्या उमेदीच्या काळी केसिंग दळून काढण्यावाचून गत्यंतर नसे. काम संथ, आणि वर येणारा पोलादाचा चुरा आवरता नाकी नऊ येत. आता केसिंगला छिद्रे पाडून, मागची पोकळी धुऊन, तिथे सिमेंट भरण्याची पद्धत आहे आणि ती बहुधा अवजारे एकदाच खाली उतरवून आटोपते. हे साधन आम्हाला उशिरा मिळाले, याची खंत वाटते. काही ठिकाणी शेलचा (चिकणमातीपासून बनलेल्या खडकाचा) थर स्वतःच सरकून केसिंगला घट्ट धरतो. लॉग आणि दाबचाचणी यांनी ते सिद्ध झाले, तर त्या भागात बाहेरचा अडथळा निसर्गानेच घातलेला असतो. बिस्मथच्या मिश्रधातूचे प्लगही आहेत. सिमेंट घट्ट होताना आकसते, बिस्मथ गोठताना प्रसरण पावते, म्हणून तुला त्याचे आकर्षण वाटणे मी समजू शकतो. परंतु तो प्लगही केसिंगच्या आतच राहिला, तर माझा प्रश्न तोच: खडकापर्यंत पोहोचला का?

तुझे वरिष्ठ ट्यूबिंग (केसिंगच्या आतला, वायू वर आणणारा पाइप) न काढताच विहीर बंद करायला सांगतात, असे लिहिले आहेस. त्याला माझा सरसकट विरोध नाही. मात्र ट्यूबिंग जागेवर असताना केसिंगमागचे सिमेंट तपासणे फार अवघड असते, तेव्हा मूळ सिमेंटिंगच्या नोंदी भक्कम असल्या आणि पाइपांमधल्या पोकळ्यांमध्ये दाब साठत नसला, तरच होकार दे. प्रत्येक विहिरीच्या त्या नोंदी आणि पोकळ्यांतील दाबाचे जुने आकडे मला पाठव. कुठली विहीर रिगशिवाय बंद होईल, ते आपण एकेक करून ठरवू.

तुझा हितचिंतक