ब्रिज पिकअप टोचतो, म्हणून बदलावा का?

प्रश्न : आम्ही झाडीपट्टीतील नाटकांना संगीतसाथ करतो. माझ्या स्ट्रॅटोकास्टर धाटणीच्या गिटारचा ब्रिज पिकअप इतका टोचतो, की ऑर्गनवाले काका तो लावूच देत नाहीत. तो बदलावा का? (एक वाचक, देसाईगंज)

उत्तर : एवढ्यात बदलू नका. पिकअप म्हणजे तारांची थरथर टिपणारी, तारांखालची चुंबक-गुंडाळी; ब्रिज पिकअप तारा जिथे टेकतात त्या ब्रिजजवळ असतो, नेक पिकअप गिटारच्या मानेकडे. ब्रिजपाशी तार घट्ट टेकलेली असल्याने तिथे तिचा झोका अगदी लहान असतो. मूळ स्वर क्षीण आणि वरचे उपस्वर त्या मानाने ठळक उमटतात, म्हणून आवाज पातळ व धारदार येतो. घरी एकट्याने वाजवताना ही धार नकोशी वाटते, हे खरे. पण ऑर्गन, तबला आणि ऑक्टोपॅड एकदम सुरू झाले की नेक पिकअपचा गोल आवाज त्यांच्यात विरून जातो आणि ब्रिजचा तेवढा शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतो. काकांना हे एकदा मंडपाच्या मागे उभे करून ऐकवा.

खरी अडचण बहुधा वायरिंगची असावी. 1954 साली आलेल्या मूळ स्ट्रॅटोकास्टरमध्ये दोन टोन नॉब नेक आणि मधल्या पिकअपला जोडलेले होते, ब्रिजला एकही नव्हता, आणि आजच्या पुष्कळ नकलांमध्येही तेच चालत आले आहे. सिलेक्टर (पिकअप निवडण्याचा स्विच) ब्रिजवर ठेवून दोन्ही टोन फिरवून पाहा. आवाजात काहीच फरक पडला नाही, तर स्विचच्या टोनकडील बाजूला मधल्या पिकअपच्या पायापासून ब्रिजच्या रिकाम्या पायापर्यंत बोटभर वायर सोल्डर करून घ्या. तालुक्याच्या गावी रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा कारागीरही हे काम सहज करील. मग टोन दहावरून सहा-सातवर आणला की टोचणी जाते आणि धार उरते.

त्याआधी पेचकस घेऊन पिकअपची उंची तपासा. शेवटच्या पडद्यावर (फ्रेटवर) तार दाबून धरली असता पिकअपपासून पातळ तारेखाली सुमारे 2 मिलिमीटर आणि जाड तारेखाली 2.4 मिलिमीटर अंतर ठीक असते. मोजताना शून्य अगदी कडेपासून सुरू होणारी पट्टी घ्या. कंपासपेटीतल्या पट्टीला आधी मोकळी कड असते आणि तिथेच हिशेब चुकतो.

प्रश्न : भीमजयंतीच्या कार्यक्रमात डिस्टॉर्शन पेडलची वायर थेट मिक्सरला लावली, तर ब्रिज पिकअप करवतीसारखा वाजला. (एक वाचक, पुसद तालुका)

उत्तर : गिटार अ‍ॅम्प्लिफायरचा स्पीकर साधारण 5,000 हर्ट्झच्या वरचे बरेचसे गाळून टाकतो. मंडपातल्या बॉक्सचा हॉर्न ते सगळे ऐकवतो, आणि डिस्टॉर्शनमध्ये नेमकी तीच चरचर भरलेली असते. पेडल आणि मिक्सर यांच्यामध्ये स्पीकर सिम्युलेशन (गिटार स्पीकरच्या आवाजाची नक्कल) असलेले प्रोसेसर लावा. तेही नसेल, तर मिक्सरवरचा हाय बराच खाली घ्या. पेडलशिवाय थेट जोडल्यास मात्र उलटे घडते, कारण मिक्सरच्या लाइन इनपुटचा रोध गिटारच्या मानाने फार कमी असतो आणि पिकअप दबून मुका होतो. तिथे गिटार आणि मिक्सर यांच्यामध्ये रोध जुळवून देणारा डीआय बॉक्स हवाच.

प्रश्न : गिटारमधून घुं आवाज येतो आणि तारांना हात असताना माइकला ओठ लागले की झटका बसतो. हंबकर बसवला तर दोन्ही जाईल का? (एक वाचक, आर्वी तालुका)

उत्तर : घुं कमी होईल, झटका जाणार नाही. गिब्सन कंपनीत सेथ लव्हर यांनी 1955 मध्ये तयार केलेल्या हंबकरमध्ये दोन गुंडाळ्या अशा उलटसुलट जोडतात, की घरच्या विजेची 50 हर्ट्झची गुणगुण एकमेकींत विझते. झटक्याचा पिकअपशी काही संबंध नाही. तारा ब्रिजमधून केबलच्या जाळीला आणि तिथून अ‍ॅम्प्लिफायरच्या धातूच्या पेटीला जोडलेल्या असतात. घराला अर्थिंग नसेल, तर ती पेटी जिवंत होऊ शकते. वायरमनकडून तपासून घेईपर्यंत गिटार अ‍ॅम्प्लिफायरला लावूच नका. अर्थिंगचा खड्डा असूनही वैशाखात झटके बसत असतील, तर माती कोरडी पडली आहे का ते पाहा आणि खड्ड्यात पाणी सोडा.