कार्डाचं नाव नको, चिपचा नंबर वाचा

निपाणीहून एक वाचक: वडिलांच्या जुन्या ४८६ संगणकात साउंड ब्लास्टर १६ हे साउंड कार्ड आहे. त्यावरचं गेमचं संगीत लॅपटॉपवर तसं वाजत नाही. हा मनाचा खेळ का?

नाही हो, फरक खरा आहे. त्या काळच्या बऱ्याच गेममध्ये संगीत रेकॉर्ड केलेलं नसे. गेम फक्त सांगे, 'हा सूर, एवढ्या जोराने, आत्ता.' वाजवायचं काम चिपचं. १९८७ च्या अ‍ॅडलिब या साउंड कार्डावर यामाहाची वायएम३८१२ होती, म्हणजेच ओपीएल२. तिचे एका वेळी नऊ आवाज. एक लहर दुसरीला वेगाने डोलवते आणि त्यातून नवा नाद निघतो. ही एफएम पद्धत स्टॅनफर्डच्या जॉन चाउनिंग यांची, यामाहाने ती परवान्यावर घेतली. घंटा, टाळ असे धातूचे आवाज तिला झकास जमतात. व्हायोलिन मात्र ऐकवत नाही.

१९९२ मध्ये आलेल्या साउंड ब्लास्टर १६ वर सहसा वायएमएफ२६२, म्हणजे ओपीएल३ सापडते. तिचे आवाज अठरा, तेही स्टिरिओ. पण नंतरच्या काही साउंड ब्लास्टर १६ वर कार्ड बनवणाऱ्या कंपनीनेच यामाहाच्या चिपची स्वतःची नक्कल बसवली आणि तिचा नाद जरा वेगळा, कर्कश लागतो. म्हणून टॉर्च तिरका धरून चिपवरचा नंबर वाचा. लॅपटॉपवर डॉसबॉक्स (जुने डॉस गेम चालवणारा प्रोग्राम) असेल तर गेमच्या सेटअपमध्ये जनरल मिडी (ठरावीक वाद्यांच्या यादीवर चालणारी दुसरी पद्धत) ऐवजी अ‍ॅडलिब किंवा साउंड ब्लास्टर निवडा. निम्मी तक्रार तिथेच मिटेल.

खानापूरच्या एक ताई: पावसाळा सरला की कार्ड खरखरतं, शिवाय सतत घूं असा आवाज येतो.

ताई, तुमच्याकडचा पाऊस म्हणजे घाटाचा पाऊस, ओल सगळीकडे शिरते. वीज बंद करून प्लग काढा, मगच कार्ड उपसा. स्लॉटमध्ये जाणारे सोनेरी दात आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळू द्या. खरखर बहुधा तिथलीच. कार्डावरचे छोट्या डब्यांसारखे कॅपॅसिटर फुगलेत का, खाली काही पाझरलंय का, तेही बघून घ्या. बदलायचे झाले तर अधिक-उणे सांभाळा. मी एकदा उलटा बसवला, तो फटकन फुटला आणि आईने दोन दिवस त्या टेबलाला हात लावू दिला नाही.

घूं आवाजाचं मूळ निराळं. संगणक विजेच्या एका बोर्डावर आणि अ‍ॅम्प्लिफायर दुसऱ्यावर असेल तर दोन्ही एकाच बोर्डावर घ्या. अर्थिंगची पिन तोडून हा आवाज घालवायचा सल्ला कुणी दिला तर त्या माणसाला चहा पाजून वाटेला लावा. कार्डावर स्पीकरसाठी छोटा अ‍ॅम्प्लिफायर असतो, तोही सूं करतो. काही कार्डांवर जम्परने (पिनांवरची छोटी टोपी) तो टाळून लाइन-आउट घेता येतं.

शहापूर, बेळगाव: संगीत येतं, पण गोळीबार-बोलणं येत नाही.

संगीताची वाट वेगळी, रेकॉर्ड केलेल्या आवाजाची वेगळी. दुसरीला आयआरक्यू (कार्ड प्रोसेसरला हाक मारतं ती लाइन) आणि डीएमए (मेमरीतून आवाज थेट कार्डाकडे जातो ती वाट) जुळावे लागतात. ऑटोएक्झेक फाइलमधल्या ब्लास्टरच्या ओळीत ए२२० आय५ डी१ (कार्डाचा पत्ता, आयआरक्यू, डीएमए) टाकून बघा, कार्डाची सेटिंगही तीच हवी. आय७ असेल तर प्रिंटरच्या पोर्टशी भांडण होऊ शकतं.

चिकोडी: भंगारात कार्ड मिळालं. यामाहाची चिप नाही, ईएस१८६८ लिहिलंय. टाकून देऊ?

अहो, थांबा! ती ईएसएस या कंपनीची चिप. एफएम तिच्या पोटातच आहे आणि ओपीएल३ साठी लिहिलेले गेम ती छान वाजवते. टाकायचंच असेल तर बेळगावला येताना माझ्याकडे टाका.